गुप्तहेर कादंबरीतील स्थळवर्णन: ओलांडून जावे की थांबून वाचावे?

विजापूर वेस (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सहा वाचक महिन्यातील एका रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी जमतो आणि सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो. या वेळी पुस्तक सुचवण्याची पाळी माझी होती आणि मी जॉन ल कॅरे यांची १९६३ साली प्रसिद्ध झालेली 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' ही कादंबरी सुचवली. मी स्वतः ती दुसऱ्यांदा वाचत होते. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी महाविद्यालयात शिकत होते आणि पुढे काय होणार या उत्सुकतेपोटी रस्ते, खोल्या, हवा यांची वर्णने मी भराभर मागे टाकली होती. या खेपेस मे महिन्याच्या सुट्टीत, सोलापुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे शक्य नसताना, मी ती सावकाश वाचली आणि जवळजवळ वेगळेच पुस्तक वाचल्यासारखे मला वाटले.

पहिल्या प्रकरणात बर्लिनच्या सीमेवरील तपासणी नाक्यावर ब्रिटिश हेरखात्याचा एक अधिकारी आपल्या माणसाची वाट पाहत असतो. तो माणूस पूर्व बर्लिनमधून येणार आहे, पण केव्हा येईल आणि मुळात येईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. सोबतचा अमेरिकन त्याला आणखी एक कप कॉफी देतो आणि जाऊन झोप घेण्यास सुचवतो. शेवटी तो माणूस सायकलवरून येतो, कागदपत्रांची तपासणी पार करतो, आणि आता सुटला असे आपल्याला वाटत असतानाच शोधदिवे त्याच्यावर रोखले जातात. पहिल्या वाचनानंतर माझ्या लक्षात केवळ गोळीबार राहिला होता. या वेळी मात्र तो नाका, तो रिकामा रस्ता, तो उजेड आणि त्या दोन टोकांमधले अंतर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी चक्क जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या जागेचा नकाशा काढला आणि अधिकारी कुठे उभा असेल, सायकल कुठून आली असेल, याच्या खुणा केल्या.

हे मी आमच्या गटातील एका ज्येष्ठ सदस्यांना उत्साहाने सांगितले, तेव्हा ते म्हणाले की हेरकथेत वर्णन म्हणजे ताटातला पापड. असला तर बरा, नसला तरी पोट भरते. त्यांच्या वाचनाबद्दल मला आदर आहे, त्यामुळे मी त्या वेळी गप्प राहिले. पण ते म्हणणे मला पटलेले नाही. मला असे वाटते की या कादंबरीतून जागा काढून घेतली तर कथानकही उभे राहणार नाही. मात्र ते का, हे मला नीट मांडता येत नाही. येत्या बैठकीत मला यावर बोलायचे आहे. आपण असे वाचन कसे करता, आणि उत्तम हेरकथेतील स्थळवर्णन नेमके कोणते काम करते, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी शेवट कृपया उघड करू नये.

फलाट क्रमांक एक

ताई, आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण मी स्वतः ही कादंबरी किमान चार वेळा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी पहिल्या प्रकरणापाशीच सर्वांत जास्त रेंगाळलो आहे.

आपल्या ज्येष्ठ सदस्यांना माझ्या वतीने एवढेच सांगावे की हेराचा धंदाच मुळी जागा वाचण्याचा आहे. शेतकऱ्याच्या कथेत पाऊस जसा सजावटीचा नसतो, तशी हेराच्या कथेत गल्ली सजावटीची नसते. एखाद्या चौकात किती वाटा फुटतात, कोणत्या खिडकीतून तो चौक दिसतो, दुकान किती वाजता बंद होते, कोणत्या दिव्याखाली चेहरा ओळखू येतो, यावर त्या माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून लेखक जेव्हा रस्त्याचे वर्णन करतो, तेव्हा खरे तर तो हेराच्या मनात चाललेला हिशेबच आपल्याला दाखवत असतो.

कादंबरीबाहेरचे एक खरे उदाहरण देतो. ओलेग गोर्दिएव्हस्की हे सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचे अधिकारी अनेक वर्षे ब्रिटिशांसाठी गुप्तपणे काम करत होते. त्यांच्यावर संशय आला आणि त्यांना मॉस्कोतून बाहेर काढण्याची वेळ १९८५ च्या जुलै महिन्यात आली, तेव्हा ठरलेली खूण अशी होती की त्यांनी कुतुझोव्स्की प्रॉस्पेक्ट या रस्त्यावर पावाच्या दुकानापाशी हातात सेफवे या ब्रिटिश दुकानाची पिशवी घेऊन उभे राहायचे. खूण पाहिली असे कळवण्यासाठी दुसऱ्या बाजूचा माणूस चॉकलेट खात त्यांच्याजवळून चालत जाणार होता. विचार करा, या सगळ्यात एकही शब्द उच्चारला जात नाही. पावाचे दुकान, पिशवी, चालण्याची वेळ आणि खाण्याची वस्तू एवढ्यावरच सारे घडते. पुढे ते मोटारीच्या मागील कप्प्यात लपून फिनलंडमार्गे निसटले. हा प्रसंग सांगताना दुकान आणि पिशवी वगळली तर सांगण्यासारखे काय उरते?

मी रेल्वेत तिकीट तपासनीस होतो आणि माझी बरीचशी नोकरी सोलापूर विभागात झाली. फलाटावर उभे राहून मला एक सवय जडली. ज्याला खरोखर गाडीने जायचे असते तो माणूस, गाडीला अवकाश असला तरी, ती ज्या दिशेने येणार त्या दिशेला मधूनमधून मान वळवतो. जो दुसऱ्याच कारणाने फलाटावर आलेला असतो त्याची नजर मात्र माणसांवर आणि जिन्यावर असते. हे मला कोणी शिकवले नव्हते. रोज तीच जागा पाहून ते आपोआप कळू लागले. ल कॅरे यांनीही हीच नजर कमावलेली होती. बर्लिनची भिंत १३ ऑगस्ट १९६१ रोजी उभी राहू लागली, तेव्हा ते पश्चिम जर्मनीत बॉन येथील ब्रिटिश वकिलातीत होते आणि वकिलातीतील हुद्द्याआडून हेरखात्याचे काम करत होते. नोकरीमुळेच त्यांना टोपणनावाने लिहावे लागले. त्यांनी ती भिंत भव्य किंवा भीषण अशा विशेषणांनी रंगवलेली नाही. कुरूप ठोकळे, काटेरी तारा आणि स्वस्त पिवळा उजेड एवढ्यातच त्यांनी ती उभी केली आहे, आणि तो 'स्वस्त' उजेड माझ्या मनातून कधीच जात नाही, कारण माणसांचे जीव जिथे जातात ती जागा इतकी किरकोळ दिसावी, यातच त्या कादंबरीचे सगळे दुःख आहे.

होटगी रस्ता

वरील दोघांचे म्हणणे आदराने वाचले, तरीही आपल्या ज्येष्ठ सदस्यांची बाजू थोडी मांडावीशी वाटते.

मी पुष्कळ हेरकथा वाचतो, मराठीतील आणि अनुवादितही, आणि त्यांतील कित्येकांमध्ये वर्णन हे खरोखरच पापडासारखे असते. नायक इस्तंबूलला उतरला की लगेच मशिदींचे मनोरे, बाजारातील मसाल्यांचा वास आणि सामुद्रधुनीवरील सूर्यास्त येतो. पॅरिसला गेला की आयफेल मनोरा आणि नदीकाठची पुस्तकांची दुकाने येतात. प्रवासी माहितीपुस्तिकेतून उचललेली अशी पाने मी बिनदिक्कत उलटतो आणि त्यामुळे माझे काहीही अडलेले नाही. उद्या कोणी सोलापुरावर हेरकथा लिहिली आणि त्यात तळ्यातले सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, चादरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढे सगळे पहिल्या चार पानांत आले, तर मी ते पुस्तक तिथेच मिटेन, कारण या सगळ्या गोष्टी सोलापुरात न येताही लिहिता येतात.

तेव्हा 'वर्णन हवे की नको' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. ते वर्णन पात्राच्या डोळ्यांनी केलेले आहे की लेखकाच्या सहलीतून आलेले आहे, हे पाहायला हवे. आपण बैठकीत बोलताना हा फरक स्पष्ट केला नाही, तर ते ज्येष्ठ सदस्य अशा दहा पुस्तकांची नावे घेतील आणि आपल्याला उत्तर देणे जड जाईल.

पाठशाळा

होटगी रस्ता यांनी मांडलेला फरक मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्यासंबंधी स्वतः ल कॅरे यांचाच एक अनुभव सांगण्यासारखा आहे. १९७४ साली आलेल्या त्यांच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या कादंबरीत हाँगकाँगचा भाग त्यांनी इंग्लंडमध्ये बसून, जुन्या माहितीपुस्तिकेच्या आधारे लिहिला आणि पात्राला समुद्राची खाडी फेरीबोटीने ओलांडायला लावली. लेखन हातावेगळे झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की तिथे आता पाण्याखालून बोगदा झालेला आहे. तो १९७२ मध्येच वाहतुकीस खुला झाला होता. या चुकीची त्यांना इतकी लाज वाटली की स्वतः न पाहिलेल्या जागेवर यापुढे प्रसंग बेतायचा नाही, असे त्यांनी ठरवले आणि १९७७ सालच्या पुढच्या कादंबरीसाठी ते हाँगकाँगपासून लाओस आणि कंबोडियापर्यंत स्वतः हिंडले. ज्याला आपण केवळ पार्श्वभूमी म्हणतो, तिच्यासाठी एक यशस्वी लेखक मध्यमवयात युद्ध चाललेल्या प्रदेशात जातो, यावरूनच त्याच्या लेखी तिचे मोल किती होते हे समजते.

मी संस्कृतची शिक्षिका होते, म्हणून आणखी एक उदाहरण आपल्या परंपरेतील देते, आणि ताई, आपल्या बैठकीत ते नक्की सांगा. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या नाटकाचे सारे कथानक एका अंगठीवर उभे आहे. ती अंगठी चाणक्याच्या हाती कशी लागते पाहा. त्याचा निपुणक नावाचा हेर यमपट दाखवत, म्हणजे यमाची चित्रे दाखवून गाणी म्हणत, घरोघर हिंडत असतो. असा हिंडता हिंडता तो चंदनदास या जवाहिऱ्याच्या घरात शिरतो. तिथे आतल्या दालनातून पाचएक वर्षांचे मूल कुतूहलाने बाहेर धावते, आतून बायकांची घाबरी कुजबूज ऐकू येते, आणि दाराआडून एक स्त्री हात पुढे करून त्या मुलाला धरते. त्या गडबडीत पुरुषाच्या बोटासाठी घडवलेली अंगठी तिच्या बोटातून निसटते, उंबऱ्यावर पडते आणि घरंगळत हेराच्या पायाशी येऊन थांबते. ती अंगठी म्हणजे चाणक्याचा प्रतिस्पर्धी असलेल्या राक्षस या अमात्याच्या नावाची मुद्रा असते, त्यामुळे त्याचे कुटुंब कोणाच्या घरी लपले आहे, हे त्या एका क्षणात उघड होते.

या प्रसंगात जागेचे वर्णन किती आहे? एक दार आणि एक उंबरा, बस्स. पण तो उंबरा नसेल तर काहीच घडत नाही, कारण आतल्या बाईने बाहेर दिसायचे नाही आणि बाहेरच्या माणसाने आत जायचे नाही, अशी ती रेघ आहे. मूल ती ओलांडते, हात ती ओलांडतो आणि मग अंगठी ती ओलांडते. बर्लिनचा नाका वाचताना मला नेहमी हा उंबरा आठवतो.

अनुवादाबद्दल एक लहानशी गोष्ट सांगते. 'तपासणी नाका' हा आपला शब्द अचूक आहे, पण माझ्या पिढीच्या वाचकाला नाका म्हटले की जकात नाका, आडवा टाकलेला बांबू आणि बाजूची पत्र्याची टपरी दिसते. हे नुकसान आहे असे मी पूर्वी मानत असे. आता मला वाटते की त्या पहिल्या प्रकरणातील कंटाळा, कागद तपासणाऱ्या माणसाचा निर्विकारपणा आणि रात्रीचा चहा-कॉफीचा आधार आपल्याला लगेच उमगतो, तो या आपल्या ओळखीच्या नाक्यामुळेच.

पूर्व भाग

मी येथे सहसा लिहीत नाही, पण होटगी रस्ता यांचे सोलापूरविषयीचे वाक्य वाचून राहवले नाही. सोलापूर न पाहता लिहिता येणार नाही, अशी एक जागा मला माहीत आहे, आणि ती म्हणजे यंत्रमागाचा कारखाना.

आमच्या घरी तीन पिढ्या मागावर काम करत आल्या. घरात आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी, आणि बाजारात समोरचा कन्नड बोलणारा निघाला तर त्याच्याशी मोडक्या कन्नडमध्येही निभावून नेतो. माझे वडील टॉवेलच्या मागावर होते आणि मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जात असे. आत शिरल्यावर पहिल्या काही क्षणांत आवाजाशिवाय काहीच कळत नाही. आडवा धागा वाहून नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना होणारी खटखट कानात न राहता थेट छातीत वाजू लागते. अशा आवाजात माणसे बोलतात कशी, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. ती ओठांवरून बोलतात. माझे वडील चार माग पलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी सुताची कांडी बदलता बदलता घरच्या गोष्टी बोलत, आणि त्यांच्या शेजारी उभा असलेल्या मला त्यातले अक्षरही ऐकू येत नसे. ओठ वाचण्याची ही सवय इतकी मुरते की रात्री घरी परतल्यावरही ते समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता तोंडाकडे पाहत असत.

हेरकथेच्या दृष्टीने विचार केला तर या जागेत निरोप देणे अगदी सोपे आहे, कारण शेजारच्यालाही तो ऐकू जात नाही. आणि तितकेच धोक्याचे आहे, कारण खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला कोणीही तो वाचू शकतो. परका माणूस येथे पहिल्या मिनिटाला ओळखू येतो, कारण तो ओरडून बोलतो आणि कान पुढे करतो. आणि वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प होते. ज्याचे वाक्य अर्धवट असेल त्याचा आवाज त्या शांततेत उघडा पडतो. मी लेखक नाही, पण 'काय करलालास बे' (काय करतोयस रे) एवढेच शब्द वीज जाण्याच्या त्या क्षणी कोणी मोठ्याने म्हणाला, तर त्याच्यावर अख्ख्या गल्लीचे डोळे वळतील, हे मी खात्रीने सांगतो.

ताई, आपल्या नकाशाप्रमाणे मीही आमच्या जुन्या कारखान्याचा नकाशा काढून पाहणार आहे.

होटगी रस्ता

पूर्व भाग यांचे वर्णन वाचताना मी एकही ओळ ओलांडली नाही, हे येथे मोकळेपणाने नोंदवतो. मला जे म्हणायचे होते त्याचे याहून चांगले उदाहरण मला सुचले नसते. आपण हे कथेच्या रूपात लिहावेच, अशी आग्रहाची विनंती आहे.

फलाट क्रमांक एक

मीही त्या विनंतीत सामील होतो, आणि काळ निवडायचा असेल तर १९३० चा मे महिना सुचवतो. त्या महिन्याच्या १२ तारखेला सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. त्या दिवसांतील सोलापुरात गिरण्यांचे भोंगे होते, हातमाग होते, आणि कोण कोणाशी बोलतो याकडे सरकारचे लक्ष होते. हुतात्म्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्या काळातल्या गल्ल्यांविषयी आणि त्यांतून निरोप नेणाऱ्यांविषयी मात्र कोणी कादंबरीकाराने तितक्याच बारकाईने लिहावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

विजापूर वेस

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल आमची बैठक झाली.

मी भाषण केले नाही. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातील शेवटची दोन पाने मी मराठीत उतरवून नेली होती आणि त्यांची दुसरी एक प्रतही केली होती, जिच्यातून रस्ता, दिवे, अंतर आणि हवा यांचे सर्व उल्लेख गाळले होते. आधी ही गाळलेली प्रत मी मोठ्याने वाचली. वाचून संपायच्या आतच आमच्या त्याच ज्येष्ठ सदस्यांनी मला थांबवले आणि विचारले, "पण तो सायकलवाला नेमका होता कुठे? अलीकडे पोहोचायला त्याला किती उरले होते?" मी उत्तर न देता दुसरी प्रत त्यांच्या हाती दिली आणि ती त्यांनीच वाचावी अशी विनंती केली. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश, एकेक वाक्य तोलत वाचली. शोधदिवे लागतात त्या ओळीपाशी ते थोडा वेळ थांबले, मग पुन्हा मागे जाऊन त्यांनी रस्त्याचे वर्णन दुसऱ्यांदा वाचले. पापडाचा विषय नंतर कोणी काढला नाही.

पाठशाळा यांनी सांगितलेला उंबऱ्याचा प्रसंग सर्वांना इतका आवडला की पुढच्या महिन्यासाठी 'मुद्राराक्षस'चा मराठी अनुवाद वाचण्याचे ठरले आहे. पूर्व भाग, आपली हरकत नसेल तर आपले यंत्रमागाचे वर्णन मला त्या बैठकीत वाचून दाखवायचे आहे, आणि आपण काढलेला कारखान्याचा नकाशाही पाहायला मिळाला तर फार बरे होईल.